उंदरांचे विषाणू, दोन आजार

हंता हा एकच विषाणू नाही. उंदरांच्या लघवी, लेंड्या व लाळेतून पसरणाऱ्या विषाणूंचे ते कुटुंब आहे. त्यातून मुख्यतः दोन आजार होतात.

पहिला मूत्रपिंडाचा. कोरियाच्या युद्धात १९५१ ते १९५३ दरम्यान सुमारे ३,००० सैनिकांना तो झाला. ताप, कंबरदुखी, रक्तस्राव, मग लघवी कमी होणे. तिथल्या हंतान नदीवरून विषाणूला नाव मिळाले. युरोपात याचा सौम्य प्रकार आढळतो.

दुसरा फुप्फुसांचा. १९९३ साली अमेरिकेत धडधाकट तरुण ताप-अंगदुखीनंतर एकाएकी धापा टाकू लागले. या आजारात शंभरातले सुमारे ३८ रुग्ण दगावतात. सुरुवातीचे बरेच रुग्ण नावाहो आदिवासी होते, म्हणून आजाराला त्या समाजाचेच नाव चिकटवले गेले. लोक त्यांना टाळू लागले. विषाणू मात्र रानउंदरांकडून आला होता.

लेंड्या कोरड्या झाडू नका. धुळीबरोबर विषाणू श्वासात जातो. आधी दारे-खिडक्या अर्धा तास उघडा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे थांबा. हातमोजे घालून कागदाने पुसा, मग साबणाने हात धुवा.

आपल्याकडे उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिस जास्त होतो. म्हणून ताप आल्यास अंगावर काढू नका. घरात उंदीर आहेत, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. त्या एका माहितीने निदान लवकर होऊ शकते.