चांदीच्या नाण्यात चांदी किती?

धनत्रयोदशीला भंडाऱ्याच्या सराफाकडून घेतलेला लक्ष्मीचा शिक्का आणि एखाद्या क्रीडास्पर्धेच्या स्मरणार्थ सरकारने पाडलेले चांदीचे नाणे घरात बहुधा एकाच डबीत राहतात, आणि एकाच मापाने जोखलेही जातात. पहिला गैरसमज इथेच होतो. सराफाचा शिक्का म्हणजे नाणे नव्हे, तो चांदीचा छापील तुकडा आहे. त्याचे मोल वजन आणि शुद्धता यांवरच ठरते. नाणे पाडण्याचा अधिकार 2011 च्या नाणे कायद्याने केंद्र सरकारलाच दिला आहे, आणि त्यावर रुपयांतली किंमत कोरलेली असते.

दुसरा समज असा की नाणे जड असेल तितकी त्यात चांदी जास्त. 1964 च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिम्पिकसाठी ऑस्ट्रियाने 50 शिलिंगचे नाणे काढले, त्यावर झेपावणारा स्की-जंपर आहे. वजन 20 ग्रॅम, चांदी 90 टक्के, म्हणजे 18 ग्रॅम. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांचे आपले 100 रुपयांचे नाणे तब्बल 35 ग्रॅमचे. पण चांदी निम्मीच, साडेसतरा ग्रॅम. हातात जड लागणाऱ्या नाण्यात चांदी कमी निघते. यावर कुणी म्हणेल, ही तर फसवणूक झाली. तसे नाही. उरलेल्या निम्म्या भागात मुख्यतः तांबे असते, सोबत थोडे निकेल आणि जस्त. तांबे-जस्त एकत्र आले की पितळ होते, हे पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला सांगायला नको. शुद्ध चांदी मऊ असते. तिला कठीणपणा येतो तो मिश्रणामुळेच. प्रमाण जाहीर असेल, तर मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे.

तिसरा समज : स्मारक नाणे हे खरे चलन नव्हे. एशियाडचे जंतरमंतरचे चिन्ह 2 रुपयांच्या आणि 25 पैशांच्या साध्या नाण्यांवरही होते, आणि ती बाजारात फिरली. 30 जून 2011 पासून 25 पैसे बाद झाले, ते सगळेच 25 पैसे बाद झाले म्हणून. त्यावर काय कोरले होते याचा तिथे काही संबंध नव्हता. मग चांदीही निम्मी आणि दर्शनी किंमतही थोडी, तर असे नाणे घ्यायचे कशाला? गुंतवणूक हेच कारण असेल, तर घेऊच नये. भाव पाहून नाणे वितळवायलाही कायद्याची मनाई आहे. पण 2025 मध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघाने आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. अशा संघाच्या सन्मानार्थ उद्या नाणे निघाले, तर चांदीचा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा आणि बाजूला ठेवावा. ते नाणे जपायचे ते त्या खेळाडूंसाठी.