माळावरच्या गावाची पाणीपट्टी

यवतमाळच्या इतिहासावर लिहायला बसलेला माणूस हमखास दोन जागी अडकतो. एक तर गावाच्या नावाच्या व्युत्पत्तीत, नाहीतर शकुंतला रेल्वेच्या डब्यात. दोन्ही विषयांवर दिवाळी अंकांची पानंच्या पानं भरली आहेत आणि त्यांत भर घालण्याची मला इच्छा नाही. मी गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगत आलो आहे. हे गाव उंचावर वसलं, वाढलं, जिल्ह्याचं ठाणं झालं आणि त्याची किंमत त्याने पाण्यात मोजली. इथलं कोणतंही जुनं सार्वजनिक काम घ्या, त्याचा धागा कुठल्या तरी विहिरीशी, तळ्याशी किंवा नळाशी जाऊन पोचतोच.

राजकीय इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तो भराभर मागे टाकतो. अकबराच्या काळात हा मुलूख कळंब सरकारात मोडत होता आणि आइन-इ-अकबरीत यवतमाळची नोंद शेजारच्या लोहाऱ्याशी जोडून आली आहे. म्हणजे तेव्हा वजन कळंबला होतं, यवतमाळला नव्हे. पुढे निजाम, नागपूरकर भोसले, दुहेरी अंमल आणि त्यातली ओढाताण. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६४मध्ये आग्नेय वऱ्हाडचा वेगळा जिल्हा झाला. त्याला नाव मिळालं वणीचं आणि कचेरी मात्र बसली यवतमाळला. १९०५मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. पुढे १९३०चा जंगल सत्याग्रह, वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे, पुसदजवळच्या रानातली त्यांची गवतकापणी आणि अटक, हे सारं अनेकांनी चांगलं लिहून ठेवलं आहे.

मला रस आहे तो कचेरी इथे आली या गोष्टीत. यवतमाळ समुद्रसपाटीपासून १४७६ फुटांवर आहे. भोवतालच्या मुलखापेक्षा हवा थोडी बरी, रात्री वारा सुटतो, माळ मोकळा. पण पाण्याच्या हिशेबाने बघा. आपण पाणलोटाच्या पाठीवर बसलो आहोत. एका अंगाला पडलेला पाऊस बेंबळेच्या वाटेने वर्धेला जातो, दुसऱ्या अंगाचा अडाण-वाघाडीच्या वाटेने पैनगंगेला. ही दोन्ही पाणी पार वणीपलीकडे, वढा-जुगादच्या संगमावर पुन्हा भेटतात. पाऊस इथे कमी नाही. वर्षाला नऊशे-हजार मिलिमीटर म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाला हेवा वाटावा इतका पडतो. तो थांबत नाही, एवढंच. वणीला निर्गुडा आहे, पुसदला पूस आहे, दिग्रसच्या अंगाने अरुणावती वाहते. जिल्ह्याच्या ठाण्याच्या उशाशी मात्र मोठी नदी नाही.

आणि तरीही गाव वाढलं, ते कापसाने वाढवलं. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, त्याच दशकात नागपूरकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि यवतमाळचा माल धामणगाव स्टेशनावर जाऊ लागला. एकोणतीस मैलांची ती वाट, बंड्यांच्या रांगा, पाठोपाठ आलेले जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने. १९०१च्या शिरगणतीत गावची वस्ती १०,५४५ भरली. आजच्या मानाने ते एक मोठं खेडं. पण दहा हजार माणसं, त्यांची गुरं, बाजारच्या दिवशी उतरणाऱ्या बंड्यांचे बैल आणि वाफेवर चालणारे कारखाने, एवढ्यांची तहान नदीवाचून भागवायची होती. ती विहिरींनी भागवली.

या विहिरींसाठी मी बरंच भांडलो आहे. एका व्याख्यानानंतर एक ज्येष्ठ अभ्यासक मला म्हणाले, ‘‘विहिरी हा काही इतिहास नव्हे, ती बांधकाम खात्याची यादी झाली.’’ त्यांच्या मते ताम्रपट, सनदा आणि थोर पुरुष मिळून इतिहास होतो. मला हे तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही. सनद एका घराण्याची असते. विहिरीवर अख्खी पेठ जगते.

इथली विहीर कशी उतरते ते पाहिलं तरी या गावाचा स्वभाव कळतो. वर काळी माती, तीही माळावर पातळ. खाली पिवळा-तांबूस मुरूम. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा ठिसूळ दगड, आणि मग काळा पाषाण, ज्यावर पहार नुसती वाजते. लाव्हाचे हे थर एकावर एक बसलेले आहेत. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळे जुने लोक विहीर रुंद घेत. घेर मोठा म्हणजे झऱ्यांची तोंडं जास्त आणि रात्रभर झिरपलेलं पाणी साठायला जागाही जास्त. वरच्या मुरमाला घडीव काळ्या दगडाचं चिरेबंदी बांधकाम, सांध्यात चुना, आणि खाली पाषाण लागला की बांधकाम थांबवून दगड तसाच उघडा ठेवायचा, म्हणजे झरा कोंडला जात नाही. हे शहाणपण कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. ते वडारांच्या आणि बेलदारांच्या हातात होतं. त्यांतल्या एकाचंही नाव कोणत्या शिळेवर नाही. देणगी देणाऱ्याचं असतं, उद्घाटन करणाऱ्याचं असतं. ज्यांनी सुरुंग लावला, दगड घडवला आणि चाळीस फूट खाली उतरून गाळ भरलेल्या टोपल्या वर दिल्या, ते नावाविनाच गेले.

जुन्या वस्तीतली एक विहीर मी लहानपणापासून पाहत आलो. तिच्या काठाच्या दगडाला दोराने घासून खाचा पडल्या होत्या, काही तर बोटभर खोल. पाणी भरणाऱ्या बायका आपापल्या खाचेवरच उभ्या राहत, दुसरीची जागा सहसा घेत नसत. वैशाखात पाणी तळाला गेलं की वाडेकरी मिळून उपसा करत. दोन दिवस गाळ निघे आणि त्यातून बुडालेल्या कळश्या, पोहरे, कुणाची हरवलेली जोडवी वर येत. तिसऱ्या दिवशी झरे धुतले जाऊन पाणी नितळ दिसू लागे. वर्गणी कोणी मागत नसे, ती आपोआप गोळा होई.

पण याच विहिरीचं दुसरं अंगही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. ‘सार्वजनिक’ म्हणवणारी विहीर सगळ्यांची नव्हती. काही वस्त्यांतल्या बायका घागर घेऊन लांब उभ्या राहत आणि कुणी वरून ओतलं तर ते पाणी घेत. १९२७मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि वऱ्हाडातल्या विहिरींवर काही वेगळं चाललेलं नव्हतं. जुन्या पाणवठ्यांच्या आठवणींनी गहिवरणारे लेखक ही बाजू सोडून देतात. नळाची तोटी आली तेव्हा अनेक घरांना ती नुसती सोय वाटली नाही, सुटका वाटली. विहिरींवर माझा जीव आहे, म्हणून हे मी अधिकच मोकळेपणाने लिहितो.

वऱ्हाडसाठी १८८६चा नगरपालिका कायदा झाला आणि १८९४मध्ये यवतमाळची नगरपालिका उभी राहिली. दिवाबत्ती, गटारं, रस्ते, बाजार आणि पाणी, एवढंच तिचं विश्व होतं. ती उभी राहते न राहते तोच १८९६-९७चा आणि त्यामागोमाग १८९९-१९००चा दुष्काळ आला. दुसऱ्याला आपल्याकडची म्हातारी माणसं ‘छप्पन्नचा काळ’ म्हणत. दुष्काळी कामांवर माणसं गिट्टी फोडत, रस्त्यावर पसरत आणि दिवसाची मजुरी घेऊन जात. या मुलखातले अनेक जुने रस्ते, तळ्यांचे बांध आणि खोल केलेल्या विहिरी त्या उपाशी हातांनी केलेल्या आहेत, हे रस्त्याच्या पाटीवर कुठेच दिसत नाही.

आता शकुंतलेबद्दल एवढंच. किलिक निक्सन कंपनीची ही अरुंद मापाची गाडी, यवतमाळ ते मूर्तिजापूर एकशे तेरा किलोमीटर, दारव्हा-कारंजामार्गे. मँचेस्टरचं १९२१चं इंजिन १९२३पासून १५ एप्रिल १९९४पर्यंत वाफेवर धावलं. हे सगळे लिहितात, आणि प्रेमाने लिहितात. पण ते इंजिन पाणी पीत होतं, आणि जिनचे बॉयलरही. एका जुन्या जिनच्या आवारातली विहीर मी पाहिली आहे. खेड्यातल्या विहिरीच्या दुप्पट घेर, आत पंप बसवण्यासाठी सोडलेला दगडी ओटा. कारखाना कधीच बंद पडला, कौलं गेली, यंत्रं भंगारात गेली. विहिरीत मात्र वैशाखातही पाणी होतं. शकुंतलेच्या आठवणी लिहिणाऱ्यांपैकी एकाने तरी तिच्या स्टेशनांवरच्या पाण्याची सोय शोधून लिहावी, एवढी माझी त्यांना विनंती आहे.

जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांची कथा याहून फार वेगळी नाही. कळंबच्या चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जावं लागतं. दर बारा वर्षांनी पाणी चढून देवाचे पाय धुतं अशी श्रद्धा आहे. भूजल किती जवळ आहे हे इतक्या सुंदर रीतीने सांगणारं दुसरं ठिकाण जिल्ह्यात मला माहीत नाही. पुसदला जुनी हेमाडपंती देवळं होती आणि सिंचनाचं मोठं तळंही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गॅझेटियरमध्ये ते तळं गाळाने भरत चालल्याची नोंद आहे. त्याच पुसदच्या नगरपालिकेचं अध्यक्षपद १९४६मध्ये वसंतराव नाईकांकडे आलं. पुढे ते अकरा वर्षं मुख्यमंत्री होते, आणि पूस अडवली गेली, इसापूरला पैनगंगा अडवली गेली. १९७२चा दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीतला आणि रोजगार हमीची पायाभरणीही. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२मध्ये त्यांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं. दोघेही पुसद तालुक्यातल्या एकाच गहुली गावचे. नगरपालिकेच्या नळापासून राज्याच्या पाणी-धोरणापर्यंतची ही वाट एका तालुक्यातून गेली, हे महाराष्ट्राला पुरेसं सांगितलं गेलेलं नाही. वणी, राजूरचा कोळसा, पांढरकवडा, दारव्हा यांवर स्वतंत्र लेख हवेत, ते कुणी तरुणाने लिहावेत.

यवतमाळला धरणाचं पाणी आलं ते निळोण्याचं, मग चापडोहचं. नळाने गाव बदललं, यात शंका नाही. पण नळ आला आणि विहिरीचा वाली गेला. ज्या दिवशी घरात तोटी सुरू झाली त्या दिवसापासून वैशाखातला उपसा थांबला. मग निर्माल्य, मग गणपतीच्या मूर्ती, मग प्लॅस्टिक. काही विहिरींवर स्लॅब पडला आणि त्यावर दुकानं उभी राहिली. २०११ला शहराची वस्ती एक लाख सोळा हजारांवर गेली, पुढे लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव हद्दीत आले, धरणं मात्र तीच राहिली.

२०१७चा पावसाळा दगा देऊन गेला आणि २०१८च्या उन्हाळ्यात जे झालं ते आपण सर्वांनी भोगलं आहे. निळोणा कोरडा, नळाला कित्येक दिवसांनी पाणी, चौकाचौकांत टँकरमागे ड्रमांच्या रांगा. बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणातून पाणी आणायची योजना होती, पण पाइपलाइन वेळेत झाली नाही. त्याच उन्हाळ्यात माणसं बुजलेल्या विहिरी शोधत फिरली. आजोबांच्या तोंडून ऐकलेली जागा, पिंपळाखालचा कठडा, वाड्यामागची दगडी गोलाई. ज्या विहिरींना इतिहास मानायला विद्वान तयार नव्हते, त्यांचाच पत्ता सगळं गाव विचारत होतं. त्यानंतर सातच महिन्यांनी, जानेवारी २०१९मध्ये, इथे ब्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्याच्या वादावर महाराष्ट्रभर लेख आले. जे गाव नुकतंच तहानेने होरपळलं होतं त्याच्या पाण्यावर लिहिलेला एकही लेख माझ्या वाचनात आला नाही. याचं दुःख मला अजून आहे.

फेब्रुवारी २०२४मध्ये वर्धा-कळंब ब्रॉडगेज सुरू झाली, पुढे ती यवतमाळहून नांदेडला जाईल. आनंदाची गोष्ट आहे. रूळ आले की वस्ती वाढेल, वस्ती वाढली की पुन्हा पाणी लागेल. मधल्या काळात गल्लोगल्ली बोअर झाले, दोनशे-तीनशे फूट. वरच्या मुरमातलं पाणी खाली निसटतं आणि उरलेल्या विहिरीही आटतात, हे भूजलाची थोडी माहिती असलेला कोणीही सांगेल.

माझी नगरपालिकेकडे साधी मागणी आहे आणि ती मी पुन्हा इथे छापून ठेवतो. जुन्या हद्दीतल्या प्रत्येक विहिरीची नोंद करावी. घेर, खोली, बांधकाम, वैशाखातली पाण्याची पातळी, सध्याची मालकी, आणि वर स्लॅब असेल तर तोही. १८९४पासूनची प्रोसिडिंग बुकं जिथे कुठे असतील तिथून काढावीत. वाळवी त्यांच्यावर कुणाची परवानगी घेऊन चढत नाही. त्यांची छायाचित्रं काढून एक प्रत जिल्हा ग्रंथालयात ठेवावी. विहिरीसाठी कुणी जागा दिली, कुणाला मजुरी मिळाली, कोणत्या वस्तीने अर्ज केला आणि कोणत्या वस्तीचा अर्ज नामंजूर झाला, हे त्या पानांतच सापडेल. मोजणीला माणसं कमी पडत असतील तर शाळा-कॉलेजांची मुलं द्यावीत. त्यांना विहीर मोजायला शिकवण्याचं काम मी आणि माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे करू. काम पावसाळ्याआधी सुरू व्हायला हवं, कारण पातळी मोजायची ती वैशाखातच.