पश्चात्ताप म्हणजे परत फिरणे

समाजाची घडी विसकटली की आपण कायदा, पोलीस, सरकार यांच्याकडे पाहतो. ख्रिस्ती विचार आधी माणसाच्या अंतःकरणाकडे पाहतो. देवाशी नाते तुटले की शेजाऱ्याशीही तुटते, असे तो मानतो. नव्या करारात पश्चात्तापासाठी असलेला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणे. हिब्रू शब्दाचा अर्थ तर सरळ ‘परत फिरणे’. नुसते हळहळणे त्यात बसत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय फसवून घेतलेले चौपट परत करायला तयार होतो, ते यामुळेच.

पण पाप एकेका व्यक्तीपुरतेच असते का? दक्षिण आफ्रिकेत १८५७ साली डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, गोऱ्या आणि काळ्या भाविकांच्या वेगळ्या उपासनेला मुभा दिली. पुढे याच चर्चने वर्णभेदाला बायबलचा आधार पुरवला. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टनबर्गला अनेक चर्चेसची परिषद भरली. तिथे या चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःचा आणि आपल्या चर्चचा अपराध सर्वांसमोर कबूल केला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती कबुली तिथेच स्वीकारली. काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींना ही घाई वाटली, आणि मला त्यांची अस्वस्थता रास्त वाटते. जमीन, शाळा, मजुरी यांत झालेला अन्याय शब्दांनी भरून निघत नाही. परिषदेच्या घोषणापत्रात कबुलीसोबत भरपाईचा, हिरावलेली जमीन परत करण्याचा आग्रह आला तो म्हणूनच.