बोटीला जहाजावर बसवून का आणायचं?

मंडळी, चोपड्याजवळ तापी आहे, समुद्र नाही. तरी आज आपण समुद्रावरचा एक प्रश्न घेऊ. जी लढाऊ बोट स्वतः पाण्यावर चालते, ती मालवाहू जहाजावर बसवून का आणावी लागते?

याचं उत्तर आपल्या वावरात आहे. नांगर आपण घरापासून रस्त्यानं ओढत नेत नाही, गाडीवर टाकून नेतो. रस्त्यावर फाळ कशाला झिजवायचा? छोटी लढाऊ बोट वेगासाठी बांधलेली असते. तिच्यात इंधन थोडं मावतं, जोरकस इंजिनं लवकर झिजतात. महासागर ओलांडण्यातच तिची ताकद संपली, तर ती लढणार कधी? म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या पीटी बोटी मोठ्या जहाजांच्या डेकवर घट्ट बांधून पॅसिफिकमध्ये पोचवल्या.

आपल्या नौदलानं सोव्हिएत संघाकडून आठ क्षेपणास्त्र-बोटी घेतल्या. 1971 मध्ये, युद्धाच्या काही महिने आधी, त्या अशाच जहाजांवरून आल्या. त्यांना जायचं होतं मुंबईला. पण एकेक बोट सुमारे 180 टनांची, आणि एवढं वजन उचलणारी क्रेन तेव्हा मुंबईत नव्हती. म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या. तिथून नौदलाच्या मोठ्या जहाजांनी त्या ओढत मुंबईला आणल्या. बंद पडलेला ट्रॅक्टर आपण टोचन करून आणतो ना, तसंच!

आता बघा, अडचणीतून काय हाती आलं. या बोटी मुळात आपल्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या. कराची त्यांच्या पल्ल्यापलीकडची. पण कलकत्त्याहून मुंबईपर्यंत त्या ओढत आणता येतात, तर शत्रूच्या दिशेनंही ओढत नेता येतील, हा विचार तिथं रुजला. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या बोटींनी कराचीसमोर हल्ला केला. ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही मोठी जहाजं सोबत होती. पाकिस्तानची ‘खैबर’ विनाशिका आणि ‘मुहाफिज’ सुरुंगशोधक जहाज बुडालं. 4 डिसेंबर हा नौदल दिन आपण यासाठीच पाळतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून यातलं एवढंच सांगतो. वस्तू कशासाठी केली यावरून तिची सगळी ताकद कळत नाही. ती वाहून नेताना, तिच्या मर्यादेशी झटताना, ती नव्यानं कळते. मुंबईत क्रेन असती, तर बोटी सरळ धक्क्यावर उतरल्या असत्या आणि हा धडा कदाचित मिळालाच नसता.

पण हेही विसरू नये, की बुडालेल्या जहाजांवर माणसं होती, त्यांचीही घरं होती. साधन किती लांब नेता येतं हे बुद्धी सांगते. ते न्यावं की नाही, याचा निर्णय मात्र प्रत्येक वेळी आपल्यालाच करावा लागतो. तो विचार बरोबर घेऊन घरी जा.