चंद्रपूरचा कोळसा आणि देशाची वीज

देशात निर्माण होणाऱ्या विजेचा जवळजवळ तीन चतुर्थांश हिस्सा अद्याप कोळशावरच निघतो, आणि चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र हे त्या व्यवस्थेचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय. आसपासच्या खाणींतला कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकला जातो, इरई धरणाच्या पाण्याची अतितप्त वाफ होते, त्या वाफेने टर्बाइन फिरते आणि जनित्रातला प्रवाह राष्ट्रीय जाळ्यात मिसळतो. विजेचा मोठा साठा करणे अजून खर्चाचे असल्यामुळे उत्पादन आणि खप यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. तो चुकला की सेकंदाला ५० आवर्तनांची ठरीव वारंवारता ढळू लागते, आणि अशा वेळी पहिला धक्का सोसते ती या अजस्र फिरत्या यंत्रांची जडता. कोयनेचे जलविद्युत केंद्र काही मिनिटांत भार उचलते. थंडावलेल्या बॉयलरला मात्र पुन्हा सज्ज होण्यास कित्येक तास लागतात, म्हणून तो सहसा विझू देत नाहीत. अलीकडे दुपारी सौर वीज मुबलक झाली म्हणजे औष्णिक केंद्राने भार उतरवावा व सूर्यास्ताला चढवावा, अशी तजवीज आहे. परंतु या चढउताराने पोलाद थकते आणि प्रत्येक युनिटमागे कोळसाही अधिक जळतो. देशी कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तिसऱ्या हिश्श्याच्या वर असते. ती राख आणि तो धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो. मुंबईच्या ग्राहकाच्या बिलात त्याची नोंद नसते. ही केंद्रे इतक्यात बंद होणार नाहीत. तेव्हा धूर आणि राख यांचा बंदोबस्त हा विजेच्या दराचाच भाग मानला पाहिजे.