ठासणीच्या बंदुकीपासून कमरेच्या पिस्तुलापर्यंत

बीडचं नाव बंदुकीशी जोडलं गेलं ते डिसेंबर २०२४ नंतर, असं बाहेरच्यांना वाटतं. पण दारूगोळ्याची इथली ओळख जुनी आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, गोदाकाठी, थोरल्या माधवरावांच्या फौजेनं निजामाचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला. त्या काळी बंदुकीचा प्रत्येक बार हातानंच भरावा लागे.

ठासणीच्या बंदुकीची हीच रीत पुढं कितीतरी काळ गावोगाव टिकली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजानं ठासायचं. चाप ओढला की टोपी फुटून बार उडायचा. उडाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात दारू सादळली की बंदूक म्हणजे नुसती काठी. त्यामुळं बार उगाच कुणी वाया घालवत नसे. रानडुकरं आणि हरणं पिकात शिरली तरच बंदूक भिंतीवरून खाली यायची.

बीड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या शेवटच्या वर्षात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक विमानं भरभरून कराचीहून हैदराबादेत शस्त्रं पोचवत होता. साधारण याच सुमारास अमेरिकेत उलटा, लष्कराकडून लोकांकडं असा, दारूचा प्रवास सुरू होता. महायुद्ध संपल्यावर सरकारकडं टनांवारी दारू पडून होती. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन हौशी नेमबाजांना किरकोळीनं विकायला सुरुवात केली. त्यातली एक जात मुळात २० मिलिमीटरच्या तोफांसाठीची, सावकाश जळणारी. मोठ्या पुंगळीच्या, लांब पल्ल्याच्या रायफलींना ती नेमकी मानवली. रिकामी पुंगळी घरी पुन्हा भरून घेणं हा तिथं एक अख्खा छंद झाला. लष्कराची उरलेली दारू सामान्य माणसाच्या हाती सोपवायची, हे धाडस अमेरिकाच करू जाणे!

आपल्याकडं त्याला वाव नव्हता. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई केली. लष्करी मापाच्या .३०३ काडतुसावर बंदी होतीच, म्हणून इशापूरच्या कारखान्याची .३१५ ही सामान्यांची रायफल ठरली. गोळी दुकानातून तयार घ्यायची, तिची परवान्यावर नोंद करायची. नेम चुकला तर खापर कारखान्यावर फोडायची सोय तेवढी झाली.

मात्र याच कायद्याच्या तेराव्या कलमात एक समंजस तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं ते सांगतं. कोकणात असे परवानेधारक आजही भेटतात. दिल्लीत कायदा लिहिणाऱ्याला ठासणीची बंदूक आठवली, याचं मला कौतुक वाटतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार मिटवली. पिकाच्या राखणीला बांधावर बुजगावणी होतीच, अलीकडं कुंपणाला विजेचा झटका देणारं झटका मशीनही आलं.

मग बंदूक शेतातून कमरेला कधी आली? याला एक तारीख नाही. पैसा आला, गुत्तेदारी आली, राजकारणातला दबदबा मिरवायची हौस आली. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि राज्याचं लक्ष इकडं वळलं. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले: बीडमध्ये १२२२ शस्त्रपरवाने, शेजारच्या परभणीत ३२. त्याच दिवसांत हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफितीही फिरू लागल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलेत. पण काडतूस तयार मिळतं आणि पुढची गोळी आपोआप वर येते, तेव्हा हिशेब ठेवतो कोण? बार भरायला वेळ लागायचा, तेव्हा राग निवायलाही तेवढा वेळ मिळायचा.

देशमुख यांच्या खुनानंतर प्रशासनानं परवान्यांची छाननी सुरू केली आणि अनेक परवाने रद्द केले.