सोळाच्या वेगावर

गिटारवादक जेफ बेक १० जानेवारी २०२३ला गेला. त्या आठवड्यात मी माझ्या एका विद्यार्थ्याला त्याचं १९८९चं ‘व्हेअर वेअर यू’ ऐकवलं. ते संपताच मुलाने विचारलं, “सर, हे कुठलं पेडल?” हार्मोनिक्स, व्हॉल्यूमची कळ आणि ट्रेमोलोचा दांडा, यांतून बेकने ती अख्खी धून काढली होती. तो प्रश्न मला फार लागला.

  रेकॉर्ड ऐकून गिटार शिकण्याचं माझं दशक १९८५ ते १९९५, मुंबईतल्या गिरगावातलं.

तेव्हा आमच्याकडे वडिलांचा चार वेगांचा रेकॉर्ड प्लेअर होता: १६, ३३, ४५, ७८. ३३ची तबकडी सोळावर लावली की वेग निम्मा व्हायचा आणि सूर बरोबर एक सप्तक खाली यायचा. म्हणजे ‘सा’ हा ‘सा’च राहायचा! ‘सुलतान्स ऑफ स्विंग’च्या शेवटच्या जलद सुरावटी मला प्लेक्ट्रमने जमत नव्हत्या. सोळावर ऐकल्यावर कळलं की प्रत्येक सुराची सुरुवात मऊ आहे, तिथे तारेला कातडी लागते आहे. मार्क नॉफ्लर बोटांनी वाजवतो, हे मला कानाने सांगितलं. त्या रात्री प्लेक्ट्रम बाजूला ठेवलं.

डेव्हिड गिलमरने तार खेचायला, म्हणजे बेंड करायला, शिकवलं. आधी वरच्या पट्टीवर (फ्रेटवर) हवा तो सूर वाजवून कानात धरायचा, मग खालच्या पट्टीवरून तार ढकलत तिथे पोचायचं. सतारीची मींड ऐकलेल्या कानाला हे परकं नव्हतं. बी. बी. किंगला नात्यातल्या बुका व्हाइटसारखी स्लाइड जमेना, म्हणून तो बोटाने तार थरथरवू लागला आणि तोच त्याचा आवाज झाला. व्हॅन हेलनचं १९७८चं ‘इरप्शन’ मला कित्येक महिने दोन गिटारांचं वाटत होतं. बोटीवर नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याने व्हिडिओ कॅसेट आणली, तेव्हा उजव्या हाताचं बोट पट्ट्यांवर आपटताना दिसलं.

तेव्हाचे एक शिक्षक असं ऐकून शिकण्याला ‘नक्कल’ म्हणायचे. ते शल्य अजून आहे. ख्यालात शिष्य वर्षानुवर्षं गुरूचा गळा गिरवतो, त्याला तालीम म्हणतात. मग आम्ही बेक धरून या पाच जणांचे हात गिरवले, ती नक्कल कशी? त्या पाचांतून माझा हात घडला.

पुढे ते दिवस सरले. धोबीतलावचं खुलं नाट्यगृह रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथला रॉक थांबला. काळा घोड्याचं ‘रिदम हाऊस’ हे रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान २०१६मध्ये बंद झालं. तिथे उभ्याने ऐकलेल्या कॅसेट मला अजून आठवतात. आता फोनवर वेग हवा तितका कमी होतो, शिवाय कुठल्या तारेवर कुठली पट्टी तेही समोर दिसतं. सोय मोठी आहे, पण बोट कुठे ठेवायचं हे आयतं मिळालं की कान शोधायचा थांबतो. मुलं ‘इरप्शन’ पूर्ण वाजवतात आणि एक बेंड सुरात लागत नाही.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पेडलांशिवाय बसवलं. “आधी वरचा सूर वाजव,” म्हटलं. त्याने वाजवला. “आता खालून तिथे ये.” तार पाव सूर कमी पडली. त्याने फोनकडे पाहिलं. मी फोन पालथा घातला आणि वरचा सूर पुन्हा वाजवायला सांगितला.